हजारात एक

दुर्मिळाचं मोल : लेखांक ७

अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीनं १८७५च्या कॅटलॉगात एक नवी योजना छापली. कारखान्यात तयार होणाऱ्या नळ्या निशाणावर गोळ्या झाडून तपासल्या जात. त्यांतली एखादी विलक्षण अचूक निघाली तर ती बाजूला काढायची, तिच्या रायफलीला हलका खास चाप आणि जास्तीची सजावट द्यायची आणि नळीवर कोरायचं, 'वन ऑफ वन थाउजंड'. किंमत १०० डॉलर. १८७३ मॉडेलची साधी रायफल बाजारात आली तेव्हा ५० डॉलरला मिळत होती. खालची पायरी होती 'वन ऑफ वन हंड्रेड', साध्या रायफलीपेक्षा २० डॉलर चढी.

नावावरून हिशेब करायला गेलं की गंमत होते. १८७३ मॉडेलच्या सात लाखांवर रायफली बनल्या. खरोखर हजारात एक असती तर तसल्या सातशेच्या वर निघाल्या असत्या. निघाल्या सुमारे १३५. 'शंभरात एक' तर त्यांच्या दसपट हव्यात. त्या भरल्या जेमतेम आठ. कारण ही योजना काही वर्षांतच गुंडाळली गेली. 'या रायफली सर्वोत्तम' असं कंपनीनंच छापलं, की दुकानात उरलेल्या लाखभर बंदुका आपोआप दुय्यम ठरतात. विक्रेत्यांना ते रुचलं नाही, असं सांगतात. मला हे पटतं. आज लाखाच्या वर डॉलर मिळवणाऱ्या या वस्तूची दुर्मिळता कुणी योजलेली नव्हती. फसलेल्या विक्रीतून ती उरली.

पुढची सत्तर वर्षं या रायफलीची फारशी कुणाला आठवणही नव्हती. मग १९५०मध्ये जेम्स स्ट्युअर्टचा 'विंचेस्टर '७३' हा चित्रपट आला. डॉज सिटीतल्या नेमबाजीच्या स्पर्धेत अशीच एक रायफल बक्षीस असते आणि ती हातोहात फिरत जाते, अशी गोष्ट. जाहिरातीसाठी युनिव्हर्सल स्टुडिओनं देशभर शोधमोहीम काढली : कुणाकडे खरी 'वन ऑफ वन थाउजंड' असेल तर कळवा. माळ्यांवरून, खुंट्यांवरून वीसेक रायफली बाहेर आल्या. संग्राहक जागे झाले, आणि त्यांच्यामागोमाग नकली माल बनवणारेही.

नळीवर चार शब्द कोरायला कसबी कारागिराला वेळ लागत नाही. सुरुवातीच्या काही रायफलींवर तर ही खूण नुसत्या आकड्यांतच आहे. म्हणून जाणकार आधी नळीकडे बघत नाही, अनुक्रमांकाकडे बघतो. विंचेस्टरच्या गोदामाच्या जुन्या हस्तलिखित वह्या आज वायोमिंग राज्यात कोडी या गावी, 'बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट'च्या बंदूक संग्रहालयात आहेत. क्रमांक कळवून शुल्क भरलं की तिथून पत्र येतं : रायफल की कार्बाइन, नळी गोल की अष्टकोनी, चाप साधा की खास, माल गोदामात कधी आला, बाहेर कधी गेला. 'हजारात एक' असल्याची नोंद वहीत असेल तर ती इथंच दिसते. नोंद नसेल, तर नळीवरचं कोरीवकाम कितीही सुबक असो, बाजार त्यावर पैसे लावायला कचरतो. पत्राचा कायद्यालाही उपयोग होतो. १९६८च्या अमेरिकी संघीय कायद्यात १८९८पर्यंत बनलेली बंदूक पुराणवस्तू धरली जाते. १८७३ मॉडेलचं उत्पादन मात्र त्यानंतरही चालू राहिलं, त्यामुळे दिसायला अगदी सारख्या दोन रायफली कायद्याच्या दोन बाजूंना पडू शकतात.

ही वही म्हणजे बंदुकीचा सातबाराच, फक्त मालकाचा रकाना बहुधा कोरा. नोव्हेंबर २०१४मध्ये नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात पुरातत्त्व विभागाच्या लोकांना जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली १८७३ मॉडेलची रायफल दिसली. लाकूड उन्हापावसानं भेगाळलेलं, दस्ता मातीत रुतलेला. कोडीच्या वह्यांनी सांगितलं : १८८२ साली बनली, त्याच साली रवाना झाली. कुठं गेली, कुणी घेतली, ते नाही. त्या एका वर्षात या मॉडेलच्या पंचवीस हजारांवर रायफली बनल्या होत्या आणि किंमत २५ डॉलरवर उतरली होती. दुर्मिळतेच्या कसोटीवर ती सर्वसामान्यच. तरीही तिचं छायाचित्र देशभर गाजलं, कारण कुणीतरी ती झाडाला टेकवली आणि परत आलंच नाही.

अशी कहाणी कागदानं सिद्ध झाली की किंमत कुठल्या कुठं जाते. १८८६ मॉडेलची पहिल्या क्रमांकाची रायफल कॅप्टन हेन्री लॉटनची. अपाची नेता जेरोनिमो १८८६मध्ये शरण आला, त्याआधी त्याचा पाठलाग करणाऱ्या तुकडीचा हा अधिकारी. ही रायफल त्याला अल्बी नावाच्या मित्रानं भेट दिली होती, आणि तसं तिच्यावर कोरलेलं आहे. एप्रिल २०१६मध्ये रॉक आयलंड या कंपनीच्या लिलावात तिला १२ लाख ६५ हजार डॉलर आले. पहिला क्रमांक, कोरलेली नावं आणि इतिहासातला प्रसंग असं सगळं एका वस्तूत क्वचित जुळतं.

राहिली अवस्था. धातूवरची मूळ निळसर झिलई किती टक्के उरली आहे यावर दर ठरतो. आजोबांची रायफल हौसेनं घासूनपुसून चकचकीत करणारा नातू एका दुपारी तिची निम्मी किंमत घालवू शकतो. नवी झिलई चढवणं तर त्याहून वाईट.

आणि 'मर्यादित आवृत्ती'? १९६६मध्ये कंपनीनं आपल्या शताब्दीनिमित्त सोनेरी मुलाम्याची 'सेन्टेनियल ६६' काढली. बनवल्या सुमारे एक लाख. दोन वर्षांनी बफेलो बिलच्या नावानं जवळपास तितक्याच आल्या. घेणाऱ्यांनी त्या गुंतवणूक म्हणून घेतल्या, एकही गोळी न झाडता खोक्यात, कागदपत्रांसकट जपल्या. १८७३च्या रायफली घोड्यावर, बर्फात, खोगिरावर घासत झिजल्या, हरवल्या, मोडल्या. या मात्र जवळजवळ सगळ्याच टिकल्या. साठ वर्षांनी वारस खोकी घेऊन विकायला निघतात तेव्हा समोरच्या टेबलावर तशीच आणखी चार कोरी खोकी मांडलेली असतात, आणि बोली हजारभर डॉलरच्या आसपास घुटमळते.

पुढच्या आठवड्यात : व्हायोलिनच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर किती विश्वास ठेवावा?