इंग्रजी वाक्प्रचारांतील वचनभेद आणि अर्थभेद

वचन हा नामाच्या संख्येचा विकार होय, अशी सामान्य समजूत आहे. इंग्रजीतील काही नामांच्या बाबतीत ती अपुरी पडते. तेथे अनेकवचनाबरोबर अर्थही पालटतो व वाक्प्रचारांत तो पालट कायम होऊन बसतो. या पालटाचे निदान तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार वारशाचा. 'टु द लेटर' म्हणजे अक्षरशः. 'मॅन ऑफ लेटर्स' म्हणजे साहित्यिक वा विद्वान. हा भेद मूळ लॅटिनमधील आहे. तेथे 'लिटेरा' म्हणजे वर्ण. परंतु 'लिटेरे' या अनेकवचनास पत्र व वाङ्मय हेही अर्थ होते.

दुसरा प्रकार ध्वनिसाम्याचा. 'आर्म इन आर्म' यातील शब्द बाहुवाचक असून तो इंग्रजीचा स्वतःचा आहे. 'अप इन आर्म्स', म्हणजे संतापून विरोधास उभे ठाकलेले, यातील शब्द शस्त्रवाचक असून तो लॅटिनमधून फ्रेंचद्वारा आला. येथे एका शब्दाची दोन वचने नसून दोन शब्दांची गाठ पडली आहे.

तिसऱ्या प्रकारात शब्द एकच, पण अनेकवचनाने स्वतंत्र संसार थाटलेला असतो. 'इन स्पिरिट' म्हणजे भावार्थाने. 'इन हाय स्पिरिट्स' म्हणजे उल्हसित. देहात अनेक सूक्ष्म 'स्पिरिट्स' संचार करतात, असे मध्ययुगीन युरोपीय वैद्यक मानी. तो सिद्धांत लोपला. अनेकवचन मात्र उरले. 'पेन' म्हणजे वेदना व 'टेक पेन्स' म्हणजे परिश्रम घेणे, हेही याच जातीचे.

हा विवेक केवळ कोशकारापुरता नाही. कायद्यात 'डॅमेज' म्हणजे हानी, तर 'डॅमेजेस' म्हणजे तिच्याबद्दल द्यावयाची भरपाई. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या ७३ व्या कलमात 'डॅमेज' हानीच्याच अर्थी येतो. भरपाईस तेथे 'कॉम्पेन्सेशन' म्हटले आहे. अनुवादकाने 'डॅमेजेस'चे 'अनेक हानी' असे भाषांतर केल्यास दाव्यातील मागणीच नाहीशी होईल.

मराठीसही असा भेद अपरिचित नाही. 'त्याच्याजवळ पैसा आहे' यातून श्रीमंती कळते. 'त्याच्याजवळ पैसे आहेत' यातून हाताशी असलेली रक्कम. तेव्हा अशा अनेकवचनापूर्वी संख्याविशेषण ठेवून पाहावे. 'थ्री लेटर्स' म्हणताच वर्ण किंवा पत्रे मोजली जातात. वाङ्मय हा अर्थ उरत नाही. जेथे संख्या लावताच अर्थ निसटतो, तेथे ते अनेकवचन स्वतंत्र शब्द मानून कोशात त्याची वेगळी नोंद करणे युक्त होय.