दट्ट्याविना धावणारी मोटार

अहुर मझ्द हे पारशी समाजाच्या ईश्वराचे नाव. मुंबईच्या अग्याऱ्यांत ते भक्तिभावाने उच्चारले जाते. हेच नाव एका जपानी मोटारीच्या कपाळी आले, याचे पुष्कळांना नवल वाटते. पण त्यामागे एक साधा योगायोग आहे. कारखान्याच्या संस्थापकांचे आडनाव मात्सुदा असे होते. त्या आडनावाशी जुळणारा ध्वनी आणि प्राचीन इराणच्या ज्ञानदेवतेचा आशीर्वाद, अशी दोन्ही प्रयोजने एकाच नावात साधली. भारतात हे नाव प्रथम रस्त्यावर सर्रास दिसू लागले ते छोट्या ट्रकांवर. १९८३ साली पंजाबात स्थापन झालेल्या स्वराज माझदा या कंपनीचे ट्रक देशभर फिरू लागले, आणि त्यामुळे माझदा म्हणजे माल वाहणारी गाडी अशीच आपल्याकडील अनेकांची समजूत झाली. जगात मात्र या नावाची कीर्ती वेगळ्याच कारणासाठी आहे. इतर सर्वांनी नाद सोडून दिलेले एक इंजिन या कारखान्याने सहा दशके उराशी धरले. ते त्याने का धरले, आणि ज्यांनी त्या गाड्या विकत घेतल्या त्यांना त्याची किंमत काय पडली, हे पाहण्यासारखे आहे.

कथेचा आरंभ हिरोशिमा शहरात होतो, आणि तोही मोटारींपासून फार दूर. १९२० साली तेथे बुचे तयार करणारी एक कंपनी निघाली. पुढच्याच वर्षी तिची सूत्रे जुजिरो मात्सुदा यांच्या हाती आली. हे गृहस्थ कोळ्याच्या घरी जन्मले होते आणि लोहारकामाची उमेदवारी करून यंत्रविद्या शिकले होते. बुचांच्या धंद्यात त्यांचे मन रमणे शक्यच नव्हते. १९२५ साली कारखान्याला आग लागली. दोन वर्षांनी कंपनीने आपल्या नावातील बुचाचा उल्लेख काढून टाकला आणि ती यंत्रे बनवू लागली. १९३१ साली तिने तीनचाकी मालवाहू गाडी बाजारात आणली. पुढे एक मोटारसायकल, मागे दोन चाकांवर मालाची पेटी, अशी तिची घडण होती. आपल्याकडे पुढे टेम्पो म्हणून जे वाहन परिचित झाले, त्याच जातकुळीचे. माझदा हे नाव प्रथम या गाडीला मिळाले.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरो मात्सुदा यांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशी सकाळी ते लवकर उठून केशकर्तनालयात गेले होते, आणि तेथून वेळेवर निघाल्यामुळेच ते वाचले. सव्वाआठ वाजता शहरावर अणुबाँब पडला. कारखाना स्फोटस्थानापासून सुमारे ५ किलोमीटरांवर, मध्ये हिजियामा नावाची टेकडी. त्या टेकडीच्या आडोशामुळे इमारती उभ्या राहिल्या, तरी कंपनीची ११९ माणसे त्या दिवशी मृत्युमुखी पडली. शहरात सरकारी कचेरीसाठी छप्पर उरले नव्हते. प्रांताचा कारभार काही काळ याच कारखान्याच्या आवारातून चालला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, म्हणजे अवघ्या चार महिन्यांत, तीनचाकी गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. राखेत गेलेले शहर पुन्हा उभारण्यासाठी विटा, लाकूड आणि धान्य वाहून नेणारे काहीतरी हवेच होते. हिरोशिमाच्या लोकांची या कारखान्याविषयीची आत्मीयता त्या दिवसांपासूनची आहे. ती पुढे एका बिकट प्रसंगी उपयोगी पडली.

१९६० साली कंपनीने आपली पहिली प्रवासी मोटार काढली. ३५६ घनसेंटिमीटरांचे इंजिन आणि ३८० किलो वजन असलेली ती चिमुकली गाडी चांगली खपली. परंतु त्याच सुमारास जपानी सरकारच्या उद्योगखात्यात एक योजना शिजत होती. देशात मोटारींचे कारखाने फार झाले आहेत, तेव्हा त्यांचे दोन-तीन मोठे गट करावेत, असा तिचा आशय होता. जुजिरोंचे पुत्र त्सुनेजी मात्सुदा आता अध्यक्ष होते. दूरच्या हिरोशिमातील तीनचाकीवाल्यांना टोकियो-नागोयाचे बडे कारखानदार गिळून टाकणार, हे त्यांनी ओळखले. आपल्यापाशी असे काहीतरी असले पाहिजे की जे दुसऱ्या कोणापाशी नाही, हा एकच बचाव त्यांना दिसत होता. ते थेट जर्मनीस गेले आणि एनएसयू या कंपनीकडून, फेलिक्स वांकेल या संशोधकाच्या कल्पनेवर आधारलेल्या इंजिनाचे हक्क त्यांनी १९६१ साली विकत घेतले.

हे इंजिन समजून घेतल्याखेरीज पुढची हकीकत कळणार नाही. नेहमीच्या इंजिनात नळकांड्यात एक दट्ट्या खालीवर सरकतो. मिनिटाला हजारो वेळा तो वर जातो, क्षणभर थांबतो आणि उलट फिरतो. चालवायची असतात चाके, म्हणजे हवी असते वर्तुळगती. आणि आपण प्रथम निर्माण करतो ती येरझार. मग सुरुवातीपासूनच गोल फिरेल असे काही का करू नये? वांकेलच्या इंजिनात दट्ट्या नाहीच. दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग उभी चिरली असता जी आकृती दिसते, त्या आकाराची एक पोकळी असते. तिच्यात फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर फिरतो. त्याची तिन्ही टोके पोकळीच्या भिंतीला सतत टेकलेली असतात, त्यामुळे भिंत आणि रोटर यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरतो तसे हे कप्पे लहानमोठे होतात आणि प्रत्येकात क्रमाने पेट्रोलमिश्रित हवा ओढली जाते, दाबली जाते, पेटते आणि बाहेर फेकली जाते. झडपा नाहीत, येरझार नाही, धक्के नाहीत. त्याच शक्तीचे नेहमीचे इंजिन जितकी जागा अडवते, त्याहून कितीतरी कमी जागेत हे मावते.

मेख होती ती त्या तीन टोकांत. प्रत्येक टोकाशी एक बारीक पट्टी बसवलेली असते आणि कप्प्यातील वायू शेजारच्या कप्प्यात जाऊ न देणे हे तिचे काम. नेहमीच्या दट्ट्याची कडी भिंतीशी नेहमी एकाच कोनात राहते. या पट्टीचा कोन क्षणोक्षणी बदलतो. चाचणीत पट्ट्या थरथरू लागत आणि भिंतीच्या चकाकत्या पृष्ठभागावर आडवे ओरखडे उमटत. हिरोशिमाच्या कामगारांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे असे नाव दिले. ओरखडे उमटले की गळती सुरू, आणि गळती सुरू झाली की इंजिन संपलेच.

१९६३ साली या एका प्रश्नासाठी वेगळे खाते निघाले. त्याचे प्रमुख केनिची यामामोतो. युद्धानंतर ते याच कारखान्यात साधे कामगार म्हणून लागले होते. बाँबने त्यांची धाकटी बहीण हिरावून नेली होती. या इंजिनाविषयी ते प्रथम फारसे अनुकूल नव्हते, असे सांगतात. त्यांच्या हाताखाली ४७ इंजिनियर होते. आपल्या धन्यासाठी प्राण वेचणाऱ्या ४७ सामुराईंची कथा जपानात लहान मुलांनाही ठाऊक असते, तेव्हा या मंडळींना ते नाव न चिकटते तरच नवल! पट्टी जितकी कठीण तितकी बरी, असा विचार प्रथम चालला होता. यामामोतोंच्या मंडळींनी तो सोडला आणि दोष कठीणपणाचा नसून कंपनाचा आहे, हे ओळखले. पट्टीच्या टोकाशी आडवी-उभी बारीक भोके पाडताच तिचे कंपन बदलले आणि ओरखडे नाहीसे झाले. पुढे ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी तयार झाली, आणि ३० मे १९६७ रोजी कॉस्मो स्पोर्ट ही दोन रोटरांची मोटार विक्रीस आली.

त्याच वर्षी मूळ जर्मन कंपनीनेही आपली रो-८० ही मोटार काढली. दोन्ही इंजिनांचे मूळ एक. नशीब मात्र वेगळे निघाले. रो-८० च्या पट्ट्या लवकर झिजत आणि मालकांना हमीखाली इंजिने बदलून द्यावी लागत. रस्त्यात दोन रो-८० समोरासमोर आल्या की त्यांचे मालक हात वर करून बोटे दाखवीत. जितकी बोटे तितकी बदललेली इंजिने. विनोद खरा, पण कंपनीला तो भोवला. १९६९ साली ती फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. हिरोशिमाने मात्र बाजारात उतरण्यापूर्वी ४७ जणांची चार वर्षे त्या पट्टीवर खर्च केली होती.

तथापि नियतीचा तडाखा दुसऱ्याच बाजूने बसला. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले. या इंजिनाची पोकळी लांबट असल्याने ज्योत सर्वत्र नीट पोहोचत नाही आणि पेट्रोल अधिक जळते. अमेरिकेत हवा शुद्ध ठेवण्याच्या कायद्यांमुळे ज्या इंजिनाची वाहवा झाली होती, तेच आता पेट्रोलपिपासू म्हणून बदनाम झाले. हजारो गाड्या पडून राहिल्या. सुमितोमो बँकेने कंपनी वाचवली. कारखान्यातील कामगारांना गाड्या विकण्यासाठी विक्रेत्यांकडे पाठवले गेले. आणि हिरोशिमाच्या व्यापाऱ्यांनी आपल्या गावची गाडी घ्या, असे आवाहन केले. १९७७ च्या अखेरीस मात्सुदा घराण्याकडील अध्यक्षपद गेले. कोणताही व्यवहारी माणूस येथे ते इंजिन गुंडाळून ठेवता. कंपनीने १९७८ साली आरएक्स-७ ही नवी मोटार काढली, तीही त्याच इंजिनाची. हा शहाणपणा होता की हट्ट, याविषयी मतभेद होऊ शकतात. मुलींनी सासरचे नाव टिकवावे त्या निष्ठेने कंपनीने ग्राहकांना दिलेला शब्द टिकवला, असे तिचे चाहते म्हणतात. हिशेबनीस वेगळे म्हणतील.

आता मालकांकडे वळू. ज्याने आयुष्यभर साधी मोटार चालवली, त्याला रोटरी इंजिनाच्या घरी काही नव्या रीती शिकाव्या लागतात. पहिली रीत वंगणाची. टोकाच्या पट्ट्या कोरड्या पडू नयेत म्हणून एक छोटा पंप थोडे थोडे तेल थेट पोकळीत सोडतो, आणि ते पेट्रोलबरोबर जळून जाते. तेल कमी होणे हा येथे बिघाड नव्हे, ती रचनाच आहे. म्हणून जाणता मालक एक-दोनदा पेट्रोल भरले की बॉनेट उघडून तेलाची सळई पाहतो. साध्या मोटारीच्या सवयीने जे वर्षभर बॉनेट उघडत नाहीत, त्यांची इंजिने अकाली जातात.

दुसरी रीत अधिक चमत्कारिक आहे. थंड गाडी सुरू करून अंगणातल्या अंगणात हलवली आणि लगेच बंद केली, असे करू नये. पोकळीत न जळलेले पेट्रोल साचते, ठिणगीचे प्लग भिजतात आणि नंतर गाडी कितीही आर्जवे केली तरी सुरू होत नाही. गाडी धुण्यासाठी दहा पावले पुढे घेतली आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलवावे लागले, हा अनुभव आरएक्स-८ च्या कित्येक मालकांनी घेतलेला आहे. त्यापेक्षा गाडी हातांनी ढकललेली बरी!

तिसरी रीत तर आपल्या सर्व संस्कारांविरुद्ध जाते. गाडी जपून, हळू चालवली की टिकते, असे घरोघरी वडीलधारे सांगत आले. येथे नेमके उलटे. सतत संथ चालवलेल्या इंजिनात काजळी धरते आणि पट्ट्या आपल्या खाचांत अडकतात. इंजिन गरम झाले की त्याला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर मिनिटाला आठ-नऊ हजार फेऱ्यांपर्यंत नेऊन आणावे, म्हणजे ते साफ राहते. एवढ्या वेगातही ते इतके शांत फिरते की चालकाला मर्यादा कळत नाही. म्हणून आरएक्स-७ मध्ये इशाऱ्याची घंटी बसवावी लागली. जुनी गाडी घेणाराही म्हणूनच रंग आणि गादी पाहून फसत नाही. तो प्रत्येक रोटरच्या तिन्ही कप्प्यांतील दाब खास यंत्राने मोजून मागतो, आणि तीन आकड्यांपैकी एक जरी खाली असला तरी हात जोडून परत फिरतो. खुद्द कंपनीलाही ही दुखरी जागा मान्य करावी लागली. अमेरिकेत तिने आरएक्स-८ च्या इंजिनाची हमी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवून दिली. याखेरीज पेट्रोलचा खर्च आहेच. जपानात तर रोटरी इंजिनाचे आकारमान करासाठी दीडपट धरतात.

मग लोक या गाड्या घेतात तरी का? उत्तर चालवणाऱ्यालाच मिळते. इंजिन लहान आणि हलके असल्याने ते गाडीच्या पोटात मागे आणि खाली बसवता येते, त्यामुळे वळणावर गाडी अंगाला बिलगून फिरते. वेग वाढत जातो तसा नेहमीच्या इंजिनाचा खडखडाट वाढतो. येथे तो उलट एकजीव होत जातो. ज्याला ही गोडी लागली तो दुसऱ्यांदा इंजिन उघडून बांधून घेण्याचा खर्चही सोसतो. ज्याला ती लागली नाही, त्याने एकदाच फसलो म्हणून गाडी विकलेली असते. मधला वर्ग फारसा आढळत नाही.

१९९१ च्या जूनमध्ये फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत चार रोटरांच्या ७८७-बी या माझदाने जिंकली. हा मान मिळवणारी ती पहिली जपानी गाडी. तिने ३६२ फेऱ्या मारल्या. शेवटची खेप चालवणारा जॉनी हर्बर्ट इतका गळून गेला होता की विजयाच्या व्यासपीठावरही चढू शकला नाही. इंजिन मागाहून उघडून पाहिले तेव्हा ते उत्तम स्थितीत आढळले.

शर्यत जिंकून पोट भरत नाही. आरएक्स-७ चे उत्पादन २००२ साली थांबले, आरएक्स-८ चे २०१२ साली, आणि ते इंजिन इतिहासजमा झाले असेच सर्वांनी धरले. २०२३ साली ते पुन्हा बाहेर आले, पण वेगळ्या चाकरीवर. एमएक्स-३० या विजेच्या मोटारीत ८३० घनसेंटिमीटरांचा एकच रोटर बसवला गेला. तो चाके फिरवीत नाही. बॅटरी उतरली की वीज तयार करतो. लहानपणा आणि शांतपणा हे त्याचे जुने गुण तेथे कामी आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने ३६ इंजिनियरांचे रोटरी खाते पुन्हा उघडले. नव्या इंजिनात भिंतीच्या मुलाम्यापासून पेट्रोल सोडण्याच्या रीतीपर्यंत पुष्कळ फेरफार झाले आहेत. त्यांतला एक फेरफार असा की, टोकाची पट्टी पूर्वी २ मिलिमीटर जाडीची होती, ती आता अडीच मिलिमीटर केली आहे.