एकाच काचटाकीत सिक्लिडचे अनेक नर : एक ठेवा किंवा आठ, दोन-तीन नकोत

एका दावणीला दोन माजावरचे खोंड बांधले तर काय होते, हे आपणास सांगावयास नको. सोप्यात ठेवलेल्या काचटाकीतील सिक्लिड माशांचे नरही याच स्वभावाचे असतात. हौसेने दोन-तीन रंगीत नर आणावेत आणि महिन्याभरात एकच उरावा, असे अनेक घरांत घडते. मासे रोगाने मेले असे समजून औषधांवर खर्च होतो. खरे कारण बहुधा मार आणि उपासमार हे असते.

हे मासे कोणते?

बाजारातील चिलापी (तिलापिया) आणि कोकण-गोव्याच्या खाड्यांतील कालुंदर हे दोन्ही सिक्लिड कुळातीलच. शोभेसाठी मुख्यतः आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या पिवळ्या, निळ्या व पट्टेदार जाती पाळल्या जातात.

नर का भांडतात?

जागा आणि मादी ही भांडणाची दोन मुख्य कारणे. त्यातही आपल्याच रंगाचा नर दिसला की तो प्रतिस्पर्धी ठरतो. सरोवरात हरलेला नर दूर निघून जातो. काचटाकीत त्याला पळण्यास वाट नसते. दोन नर असतील तर सर्व मार एकालाच बसतो. तीन असले तरी फारसा फरक पडत नाही. आठ-दहा नर असल्यास मात्र दांडगा नर कोणा एकाच्या मागे लागून राहू शकत नाही. मार वाटला जातो व मासा मरण्याचा धोका कमी होतो. म्हणून एकच नर ठेवावा, नाहीतर पुरेशा संख्येने ठेवावेत.

अनेक नर ठेवताना घ्यावयाची काळजी

१) टाकी : ३ × १.५ × १.५ फूट मापाची टाकी घ्यावी. तीत काठोकाठ सुमारे १९० लिटर पाणी मावते. दगड-वाळूसह वजन दोन क्विंटलच्या वर जाते, तेव्हा घडवंची भक्कम असावी. दोन फुटी टाकीत अनेक नर ठेवूच नयेत.

२) निवड : एका टाकीत ८ ते १० नर पुरेत. ते वेगवेगळ्या रंगांचे, साधारण सारख्या आकाराचे असावेत व शक्यतो एकाच दिवशी सोडावेत. मादी अजिबात नसावी. एखाद्या माशाचा जबडा फुगलेला दिसला व त्याने खाणे सोडले, तर ती मादी असून तोंडात अंडी सांभाळीत आहे असे समजावे व तिला वेगळे काढावे.

३) आडोसा : दगड रचून माशांच्या संख्येपेक्षा जास्त कपारी कराव्यात. दगड थेट तळाच्या काचेवर पक्के बसवावेत. मासे वाळू उकरतात व रचना ढासळते. नवा नर सोडताना दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात. दिवा बंद करून मगच त्यास सोडावे.

४) पाणी : या जातींना ७.८ ते ८.५ सामूचे जड पाणी मानवते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीतील विहिरीचे पाणी बहुधा असेच असते. मात्र क्षारपड भागातील पाणी परीक्षण केल्याशिवाय वापरू नये. नळाचे पाणी चोवीस तास उघडे ठेवून मग घालावे. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस राखावे. थंडीत हीटर लावावा.

५) गाळणी : मासे जास्त म्हणजे विष्ठा जास्त, आणि तीतून अमोनिया तयार होतो. जमिनीत अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंसारखेच जिवाणू गाळणीत वाढतात. त्यास चार ते सहा आठवडे लागतात. गाळणी मोठी असावी व तिचा स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात धुवावा. दर आठवड्यास पाव ते एक-तृतीयांश पाणी बदलावे. काढलेले पाणी परसबागेस उपयोगी पडते.

६) खाद्य : दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच, दिवसातून दोनदा द्यावे.

धोका कसा ओळखावा?

जिंकलेला नर भडक रंगाचा दिसतो. हरलेला फिका पडतो, पृष्ठभागाजवळ कोपऱ्यात थांबतो, त्याचे पर फाटतात. असा मासा त्याच दिवशी वेगळा करावा. सर्वांनाच छळणारा एखादा नर असेल तर त्यालाच बाहेर काढावे. त्यासाठी एक छोटी टाकी नेहमी तयार असावी.

नको झालेला मासा नदीत सोडू नका

चिलापी १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तो भराभर वाढून इतर माशांच्या जागेवर व अन्नावर आक्रमण करतो असे दिसल्यावर १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी आली. तरी तो पसरावयाचा थांबला नाही. परका मासा कोठे तग धरील हे आधी सांगता येत नाही, आणि त्याच्याबरोबर रोगही जातात. म्हणून दांडगा नर विहिरीत, शेततळ्यात, रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नये. दुकानदारास परत करावा अथवा दुसऱ्या हौशी पालकास द्यावा. टाकी घेण्यापूर्वीच एवढा विचार केला, तर पैसा वाचेल, मासे जगतील व आपली नदीही सुरक्षित राहील.