वाटण्यांची वाईन

वाटण्या झाल्या की शेत संपले, असे आपण घरोघरी ऐकत आलो. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात मात्र वाटण्यांनी तुकडे झालेल्या मळ्यांतूनच जगप्रसिद्ध वाईन तयार होते.

तिथल्या लहान बागाईतदाराची पाच-सहा हेक्टर, म्हणजे बारा-पंधरा एकर जमीन एका ठिकाणी क्वचितच असते. कुठे अर्धा एकर, कुठे वेलींच्या चारच ओळी! फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या बागा जप्त होऊन विकल्या गेल्या. पुढे १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्याने सर्व मुलामुलींना वारशात समान हक्क दिला. सिस्टर्शियन साधूंनी भिंत घालून राखलेल्या ‘क्लो द वूजो’ या सुमारे ५० हेक्टरच्या मळ्याचे आज ८० च्या आसपास मालक आहेत.

मग हे परवडते कसे? उत्तर मातीत आहे. वूजोच्या वरच्या अंगाला पातळ, चुनखडीची, चांगल्या निचऱ्याची जमीन. खाली रस्त्यालगत पाणी धरून ठेवणारी जड चिकणमाती. द्राक्षाच्या मुख्य जाती दोनच: लाल वाईनसाठी पिनो न्वार, पांढरीसाठी शार्दने. भरघोस पिकणारी गामे जात उपटून टाकण्याचे फर्मान ड्यूक फिलिपने १३९५ मध्येच काढले होते. इंजिनियरच्या भाषेत सांगायचे, तर जात स्थिर आणि माती हा बदलता घटक. म्हणून बाटलीवर जातीऐवजी गावाचे किंवा तुकड्याचे नाव असते, आणि त्या नावालाच किंमत येते. शिवाय एका तुकड्यावर गारा पडल्या तरी दुसरा वाचतो.

पण हीच किंमत आता कसणाऱ्याच्या मुळावर येते. वडिलांमागे भावंडांचे वाटे विकत घेऊन वर वारसाकर भरणे एकट्याला झेपत नाही. मोठे भांडवलदार टपलेले असतातच: ‘क्लो दे लांब्रे’ २०१४ मध्ये आणि ‘क्लो द तार’ २०१७ मध्ये अशाच बड्या धनिकांकडे गेले.

यावर काही कुटुंबांनी तोड काढली आहे. जमीन कौटुंबिक कंपनीच्या नावे करायची, भावंडांत जमिनीऐवजी शेअर वाटायचे, आणि मळा कसणाऱ्या एकाला दीर्घ मुदतीने खंडाने द्यायचा. आपल्या अर्धेलीसारखी, पिकात वाटा घेण्याची पद्धतही तिथे अजून आहे.

परदेशात राहूनही गावच्या सातबाऱ्यावर नाव असलेले आपल्यात पुष्कळ आहेत. जमीन कोणाच्या नावावर आणि ती कसणार कोण, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आईवडील आहेत तोवर भावंडांनी एकत्र बसून दोन्हींची उत्तरे ठरवलेली बरी.