निरंतर शिक्षणात कला व संस्कृतीचा इतिहास : व्याख्यानाच्या मर्यादा

प्रस्तावना

विद्यापीठीय ज्ञान समाजापर्यंत नेण्याच्या प्रयत्नांचा आरंभ सामान्यतः केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये सुरू केलेल्या विस्तार व्याख्यानांपासून मानला जातो. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये अध्यापन व संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य हे उच्च शिक्षणाचे तिसरे अंग म्हणून स्वीकारले. महाराष्ट्रात त्यासाठी ‘बहिःशाल शिक्षण’ ही संज्ञा रूढ झाली आणि त्याचे स्वरूप बहुतांशी व्याख्यानमालेचे राहिले. वक्ता बोलतो, श्रोते ऐकतात, आभारप्रदर्शन होते. अनेक विषयांना हे स्वरूप पुरेसे ठरते. कला, डिझाइन व सांस्कृतिक इतिहास या विषयांना मात्र ते पुरत नाही. कारण येथे मूळ साधन ग्रंथ नसून वस्तू असते.

वस्तूचे वाचन

कार्ले येथील चैत्यगृहाचे उदाहरण घेता येईल. त्याच्या कमानदार छतास लाकडी फासळ्या बसविलेल्या असून त्या आजही टिकून आहेत. अखंड खडकात कोरलेल्या छतास लाकडाच्या आधाराची गरज नसते. मग या फासळ्या कशासाठी? हा प्रश्न छताखाली उभे राहिल्यावर आपोआप सुचतो, चित्रफितीत क्वचितच. उत्तराचा शोध घेताना शिकणारा लाकडी वास्तुपरंपरेपर्यंत पोहोचतो. पाषाणात काम करणाऱ्या कारागिरांनी सुतारकामातील रूपे कायम ठेवली, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी उमगते.

पुढे शिलालेखांकडे वळता येते. स्तंभांवर दात्यांची नावे आहेत, त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. प्रवेशद्वाराशी संबंधित लेखांत त्याच धेनुकाकटचा एक गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आणि ‘वढकी’ म्हणजे सुतार सामी यांचा उल्लेख येतो. (विदर्भात सुतारास आजही वाढई म्हणतात; वर्गातील सुस्त श्रोतेही येथे मान वर करतात.) राजवंशांच्या सनावळीत न सापडणारा समाज येथे नावानिशी भेटतो. निवृत्त शिक्षक, गृहिणी, सराफ वा विणकर असा संमिश्र वर्ग असेल, तर प्रत्येकाला आपल्या अनुभवातून या वस्तूकडे पाहता येते. प्रौढ शिक्षणाचे हे बलस्थान आहे आणि व्याख्यानात नेमके तेच वाया जाते.

उपलब्धता व भाषा

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय व ज्ञानप्रवाह या संस्थांनी या क्षेत्रात पदविका व अल्पकालीन अभ्यासक्रम चालविले आहेत. त्यांचा दर्जा निर्विवाद असला, तरी अध्यापन प्रामुख्याने इंग्रजीतून होते. ऑनलाइन वर्गांमुळे अंतराची अडचण कमी झाली, भाषेची नाही. वास्तविक चैत्य, विहार, लेणे, गवाक्ष या संज्ञा मराठी वाचकाच्या परिचयाच्या आहेत. त्या इंग्रजीतून पुन्हा शिकण्याची वेळ त्याच्यावर यावी, हे विचित्रच म्हटले पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणचे महाविद्यालय ही उणीव भरून काढू शकते. जवळचे लेणे, वाडा, मंदिर वा हातमाग हीच त्याची प्रयोगशाळा होय.

श्रेयांकांचा प्रश्न

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर अशा अभ्यासक्रमांना श्रेयांक देण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु प्रचलित गणनेनुसार व्याख्यानाच्या १५ तासांस एक श्रेयांक मिळतो, तर प्रात्यक्षिकाचे ३० तास भरावे लागतात. क्षेत्रभेट प्रात्यक्षिकात धरली, तर लेण्यात घालविलेल्या तासाचे मोल वर्गातील तासाच्या निम्मे ठरते. साहजिकच आराखडा तयार करणारा प्राध्यापक व्याख्यानांची संख्या वाढवितो, क्षेत्रभेट एका रविवारपुरती उरते आणि परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न येतात. याउलट, एका वस्तूचे निरीक्षणाधारित लेखी वर्णन हेच मूल्यमापनाचे मुख्य साधन ठेवले, तर भेटी वाढविणे अभ्यासमंडळास भाग पडेल. मात्र अशी ४० वर्णने बारकाईने तपासण्याचे तास आज कोणाच्याही कार्यभारात धरले जात नाहीत.