खुब्याच्या निदानाला उशीर : दावा नेमका कशाचा?

शांता खटल्याच्या १९९५च्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली कशी आली, ते मागच्या लेखात पाहिलं. आज एकच दुखणं घेऊ : बाळाच्या मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट न बसणं, म्हणजे डीडीएच.

बाळ पायाळू असेल, मुलगी असेल किंवा घरात आधी कुणाला हा त्रास असेल, तर धोका जास्त. सहा महिन्यांच्या आत सापडलं तर बहुतेकदा पाव्लिक हार्नेसच्या पट्ट्यांवर भागतं. मूल लंगडत चालू लागल्यावर कळलं, तर बरेचदा शस्त्रक्रिया आणि पोटापासून पायापर्यंत प्लास्टर.

डॉक्टरांनी काही हा दोष निर्माण केलेला नसतो. भरपाई मागायची ती उशिराने वाढवलेल्या नुकसानीची. वेळेत कळलं असतं तर काय टळलं असतं, हे अस्थिरोगतज्ज्ञाच्या मतानिशी मांडावं लागतं. बरेच दावे इथेच लंगडे पडतात, कारण पालक सगळा जोर डॉक्टर चुकले यावर देतात.

आणि उशीर झाला म्हणजे निष्काळजी झालीच, असंही नाही. जन्मतः तपासणीत ठीक वाटलेला खुबा पुढे सरकू शकतो. निदानातली प्रामाणिक चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५मध्ये स्पष्ट केलं आणि ते योग्यच आहे. पण समजा, मुलगी पायाळू होती हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं आहे, तरी खुब्याची सोनोग्राफी कुणी सुचवली नाही. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला लसीसाठी तिला नेलं. आईने सांगितलं, “लंगोट बांधताना डावा पाय उघडतच नाही हो.” उत्तर मिळालं, “चालायला लागली की सुटेल.” पाय दुमडून, बाजूला उघडून पाहायला मिनिटही लागत नाही. ते न करणं ही माझ्या मते निष्काळजीच.

आईचं ते वाक्य केसपेपरवर क्वचितच उतरतं. म्हणून तारखांसह लसीचं कार्ड, औषधाच्या चिठ्ठ्या, डॉक्टरांना पाठवलेले मेसेज जपून ठेवा. रुग्णालयाकडे नोंदी लेखी मागा. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. पण दाखल रुग्णांच्या नोंदी जपण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं आहे.

तक्रार आई-वडिलांनाही करता येते आणि मुलाच्या वतीनेही. स्प्रिंग मेडोज निकालाने (१९९८) दोघांनाही ग्राहक मानलं. मात्र सगळ्यांवर मोफत उपचार करणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, तिथे दिवाणी न्यायालय.

मुदतीचं मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षं. दोष उशिरा कळला तर मुदत कळल्यापासून मोजता येते. पण गोव्यातल्या एका परिचारिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये तक्रार मुदतबाह्य ठरवली. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात राहिलेला गॉज नऊ वर्षांनी सापडला होता. मात्र दुखणं पहिल्यापासून असूनही तिने त्या शल्यविशारदाला विचारलं नाही, यावर न्यायालयाने बोट ठेवलं. दिवाणी दाव्यात अज्ञान मुलाची मुदत ते सज्ञान झाल्यावर धावू लागते. आयोगापुढे त्या सवलतीवर विसंबू नका. एक्स-रेवर निदान झालं, तीच तारीख धरून दोन वर्षं मोजा.