बाळ बोलत नाही, की त्याला ऐकूच येत नाही?

‘याचा बाप पण तीन वर्षांचा होऊन बोलला’ हे वाक्य वस्तीत ऐकलं की माझ्या काळजात धस्स होतं. बाप बोलला असेल उशिरा. पण या लेकराला ऐकू येतंय का, हे कोणी तपासलंय?

हजार बाळांमागे एक ते तीन बाळं जन्मतःच कमी ऐकणारी किंवा बहिरी असतात. घरच्यांना ते कळत नाही, कारण बहिरं बाळही पहिले काही महिने रडतं, हसतं, हुंकार देतं. आजी मागून थाळी वाजवते, बाळ वळतं. पण ते जमिनीच्या हादऱ्यानं, सावली हलल्यानंही वळतं. थाळीच्या भरवशावर राहू नका.

खरी तपासणी सोपी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोक ठेवतात, मशीन बारीक आवाज सोडतं आणि कानाकडून येणारा प्रतिसाद टिपतं. तिला ओएई म्हणतात. सुई नाही, दुखणं नाही, काही मिनिटांचं काम. निकाल ‘रेफर’ आला म्हणजे बाळ बहिरंच, असं नाही. जन्मानंतर कानात ओल राहिली तरी तसं येतं. पण पुन्हा जायचंच. इथेच आपली माणसं गळतात. रोजंदारी बुडते, सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही. दुसऱ्यांदाही ‘रेफर’ आलं तर ‘बेरा’ तपासणी करतात. काचेच्या पेटीत राहिलेल्या किंवा जास्त कावीळ झालेल्या बाळासाठी बेराचं आधीच विचारा; कानाच्या नसेतला दोष ओएईत सुटू शकतो.

महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत कानाचं मशीन आणि उपचार, हा हिशोब लक्षात ठेवा. भाषा मेंदूत रुजण्याचा काळ हाच असतो.

बाळंतिणीला ग्रहणाचा, नजरेचा दोष लावणं बंद करा. मामाच्या, आत्याच्या घरात लग्न झालं असेल तर जोखीम वाढते, हे मात्र खरं. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि अंघोळीच्या वेळी कानात तेल घालू नका.

जन्मजात बहिरेपण 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतं. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात चौकशी करा; मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. दवाखान्यातून सुट्टी घेताना दोन्ही कानांचा निकाल कार्डावर लिहून घ्या. मशीन बंद आहे म्हणाले, तर कुठे जायचं ते चिठ्ठीवर मागा.